युनिट ट्रस्ट आणि वऱ्हाड : साठ वर्षांचा जमाखर्च

भारतीय युनिट ट्रस्टने १ जुलै १९६४ रोजी पहिले युनिट विक्रीला काढले. त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे स्थापना, अध्यक्षांची नामावळी, चढते आकडे आणि शेवटी शुभेच्छा, असा प्रघात आहे. युनिट ट्रस्टच्या बाबतीत तो पाळता येत नाही. मूळ संस्था आज नाही. २००३ मध्ये तिची दोन शकले झाली, आणि जिच्या जोरावर ती उभी राहिली ती ‘यूएस-६४’ योजना त्याच वर्षी संपली. तरीही अमरावती-अकोल्याकडच्या पगारदार घरांना शेअर बाजाराची पहिली ओळख याच संस्थेने करून दिली, आणि पहिला मोठा धक्काही तिनेच दिला. म्हणून हा इतिहास वऱ्हाडात बसून, वऱ्हाडच्या नजरेने लिहिला आहे. त्यात कौतुक आहे, तसा दोषांचा हिशेबही आहे.

शेअर बाजार ही मुंबईची भानगड, आपण आपल्या शेतीभातीचे लोक, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. इतिहास याच्या अगदी उलट आहे. मुंबईत शेअरांचे पहिले वेड आले तेच कापसाच्या पैशातून, आणि त्या कापसात वऱ्हाडच्या कापसाचा वाटा मोठा होता. रेल्वे येण्याआधीही अमरावतीची पेठ एवढी मोठी होती की १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे पाठवल्याचे गॅझेटियर सांगते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. तो मुरवायला जागा नव्हती, म्हणून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद या दलालाचे नाव तेव्हाचे. जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, कापूस गडगडला, आणि १ जुलै १८६५ ला मुदतीच्या सौद्यांची फेड करायची वेळ आली तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली.

या पडझडीत वऱ्हाडच्या शेतकऱ्याकडे एकही शेअर नव्हता. तरी फटका त्यालाही बसला, कारण भाव त्याच्याच मालाचा पडला होता. जोखीम अशी दूरवर पसरते, आणि जिचा फायदा कधी पाहिला नाही तिचा तोटा भोगायला लावते.

त्यानंतर वऱ्हाडाने बाजारासाठी जे केले त्याची दखल देशाने घेतली. १८८६ मध्ये कारंजा येथील कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमाखाली आला. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद होते. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. वजनमापे, दलाली, अडत यांवर समितीची देखरेख आली. मुंबई प्रांताला असा कायदा करायला १९२७ साल उजाडले. वऱ्हाडच्या समित्यांत व्यापाऱ्यांचाच वरचष्मा असे, उत्पादकाला जागा नसे, ही उणीव शेतीविषयक शाही आयोगाने पुढे १९२८ मध्ये दाखवून दिली, आणि ती खरीच होती. पण मूळ विचार पक्का होता: भाव काय ठरला, वजन किती भरले आणि कापून कोणी किती घेतले, हे मालाच्या धन्याला दिसले पाहिजे. युनिट ट्रस्टची सगळी कथा याच तीन गोष्टींपाशी येऊन थांबते, म्हणून ही पार्श्वभूमी आधी सांगितली.

शंभर रुपयांत दहा युनिट

अनेकांचा पैसा एकत्र करून तो पुष्कळ कंपन्यांत विभागून लावायचा, म्हणजे एक बुडाली तरी सगळे बुडत नाही, ही कल्पना जुनी. लंडनमध्ये १८६८ साली अशी पहिली संस्था निघाली. बोस्टनमध्ये १९२४ साली, हवे तेव्हा पैसे काढून घेता येतील असा पहिला म्युच्युअल फंड सुरू झाला. आपल्याकडे ए. डी. श्रॉफ यांच्या समितीने १९५४ मध्येच युनिट ट्रस्टची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आणली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी. १९६३ मध्ये संसदेने युनिट ट्रस्टचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १९६४ ला संस्था स्थापन झाली. भांडवल पाच कोटींचे. त्यातले अडीच कोटी रिझर्व्ह बँकेचे, आयुर्विमा महामंडळ आणि स्टेट बँक यांचे प्रत्येकी पाऊण कोटी, उरलेला एक कोटी इतर बँका व वित्तसंस्थांचा. आर. एस. भट हे पहिले अध्यक्ष.

दहा रुपयांचे एक युनिट. कंपनीचा ताळेबंद वाचता न येणाऱ्या, दलालाची ओळख नसलेल्या माणसाने शंभर रुपयांत देशातल्या नामांकित उद्योगांचा बारीकसा भागीदार व्हावे, हा त्यामागचा हेतू. तो हेतू थोर होता, आणि आजही तो तसाच वाटतो.

वऱ्हाडात तेव्हा बचतीची साधने मोजकी होती. सोने, शेती, पोस्टाची प्रमाणपत्रे, आयुर्विमा, जिल्हा बँकेतली मुदतठेव, आणि ओळखीतली भिशी. दुसरीकडे नियमित पगार असलेला वर्ग वाढत होता. डॉ. पंजाबराव देशमुखांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या आणि इतर संस्थांच्या शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक, जिल्हा परिषदेचे कर्मचारी, वीज मंडळ, एस.टी., रेल्वे, १९६९ पासून अकोल्याचे कृषी विद्यापीठ, १९८३ पासून अमरावतीचे विद्यापीठ. या घरांत युनिट शिरले ते शेअर म्हणून नाही. सरकारने काढलेले, पोस्टाहून थोडे जास्त देणारे, करात सवलत असलेले आणि हवे तेव्हा मोडता येणारे प्रमाणपत्र म्हणून शिरले. आयुर्विम्याचा हप्ता घ्यायला येणारा एजंट युनिटचाही अर्ज भरून घेई. मुलीच्या लग्नासाठी, निवृत्तीनंतरसाठी युनिटे घेतली जात. यात शेअर आहेत, भाव खाली-वर होतो, हे सांगणारा कोणी नव्हता आणि विचारणाराही नव्हता.

सर्वांत मोठा घोळ इथेच होता, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

म्युच्युअल फंडाच्या युनिटची खरी किंमत एकच असते. फंडाकडे जे शेअर, रोखे, रोकड आहे त्याचे आजच्या बाजारभावाने मोल करायचे, देणी वजा करायची आणि एकूण युनिटांनी भागायचे. यालाच आज आपण एनएव्ही म्हणतो. यूएस-६४ ची विक्रीची आणि परत खरेदीची किंमत अशी निघत नसे. ती संस्था स्वतः ठरवी. दरवर्षी जुलैत लाभांश दिल्यावर किंमत कमी ठेवली जाई, मग महिन्यामागून महिना ती थोडी थोडी वाढत पुढच्या जूनपर्यंत जाई. जुलैत सवलतीची किंमत असे, म्हणून जुलैत अर्जांची झुंबड उडे. आपल्याकडे जुलै म्हणजे पेरणी-डवरणीचा महिना. बियाण्याखताला पैसा घालून शेतकऱ्याचा हात रिकामा झालेला असे, तेव्हा युनिट स्वस्त. आणि दसऱ्यानंतर पहिला वेचा होऊन कापसाचे चुकारे हाती येत, तोवर युनिट महाग. संस्थेचे वर्ष पगारदारासाठी आखलेले होते. शेतकरी या योजनेत फारसा आला नाही, याचे एक कारण मला यात दिसते.

किंमत ठरलेल्या पायऱ्यांनी चढत असल्यामुळे युनिट म्हणजे मुदतठेव, असा समज पक्का झाला. संस्थेने तो खोडून काढला नाही. उलट लाभांश कधी कमी होऊ द्यायचा नाही, हा तिने मानाचा मुद्दा केला. शिवाय कायद्यानुसार उत्पन्नातला निदान नव्वद टक्के भाग वाटून टाकावा लागे. पडत्या काळासाठी गंगाजळी साठवायला उरणार ते उरलेल्या दहा टक्क्यांतून.

तेजीची वर्षे

सत्तरचे दशक शांततेत गेले. १९७१ मध्ये विमा आणि युनिट एकत्र बांधणारी ‘युलिप’ आली आणि ती आपल्याकडे चांगली रुजली. १९७८ मध्ये संस्था रिझर्व्ह बँकेकडून औद्योगिक विकास बँकेच्या छत्राखाली गेली.

पुढचा काळ एम. जे. फेरवानी यांचा. १९८० ते १९९० ही त्यांच्या अध्यक्षपदाची वर्षे. त्यांच्या कर्तृत्वाविषयी दुमत नसावे. १९८६ मध्ये ‘मास्टरशेअर’ निघाली. भारतातली शेअरांत गुंतवणूक करणारी पहिली वैविध्यपूर्ण योजना ती हीच, आणि आजही ती चालू आहे. त्याच वर्षी परदेशी गुंतवणूकदारांसाठी ‘इंडिया फंड’ निघाला आणि लंडनच्या बाजारात नोंदला गेला. १९८९ मध्ये नव्या मुंबईत भांडवल बाजाराचे शिक्षण व संशोधन करणारी संस्था ट्रस्टने उभी केली. कंपन्यांच्या अभ्यासाला व्यवसायाचे रूप येण्याचा हा काळ. एन. वाघुल आणि प्रदीप शहा यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये ‘क्रिसिल’ स्थापन झाली, १९९१ मध्ये ‘इक्रा’ आली, आणि एखाद्या कंपनीचे कर्जरोखे किती भरवशाचे, याला अक्षरांची श्रेणी मिळू लागली. त्याआधी ‘कंपनी चांगली आहे’ हे ऐकीव मत असे. कर्ज किती, व्याज भागवून हातात किती उरते, नफा कागदावरचा की रोख आलेला, मालकाने आपले शेअर कुठे गहाण टाकले आहेत का, हे विचारायची शिस्त हळूहळू लागली. ती सगळ्यांना लागली नाही, आणि खुद्द ट्रस्टला ती पुरेशी लागली नव्हती, हे पुढे कळले.

१९८७ मध्ये स्टेट बँकेचा म्युच्युअल फंड आला, त्यामागोमाग इतर सरकारी बँका आणि विमा महामंडळे आली. तोवर मैदानात युनिट ट्रस्ट एकटीच होती. १९८८ च्या अखेरीस तिच्याकडे ६,७०० कोटी रुपये होते.

मग १९९२ आले. २ एप्रिलला सेन्सेक्स ४,४६७ वर पोहोचला, आणि त्याच महिन्यात हर्षद मेहता या दलालाच्या रोखे घोटाळ्याचे प्रकरण उघडकीला आले. नेमक्या याच दिवसांत ट्रस्टने ‘मास्टरगेन-९२’ बाजारात आणली. साठ लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले, चार हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. तेजीच्या शिखरावर जमवलेला हा पैसा. पुढे बराच काळ या युनिटांचा बाजारातला भाव दर्शनी किमतीच्याही खाली रेंगाळला. शेअर पडले तर युनिट पडते, हा धडा लाखो घरांनी तिथे प्रथम घेतला. तरीही यूएस-६४ वरची श्रद्धा ढळली नाही, कारण तिची किंमत संस्था ठरवत होती आणि ती पडताना कोणी पाहिली नव्हती. नव्वदच्या सुरुवातीची ही वर्षे लाभांशाच्या दृष्टीने तिची सर्वांत भरभराटीची वर्षे होती.

पण आत काहीतरी बदलले होते. सुरुवातीला यूएस-६४ चा पैसा मुख्यतः ठरावीक व्याजाच्या रोख्यांत असे. नव्वदच्या दशकात शेअरांचा वाटा वाढत वाढत निम्म्याच्या वर गेला. बाहेरून मुदतठेव, आतून शेअरांचा फंड. १९९२ मध्ये भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले, १९९३ मध्ये म्युच्युअल फंडांसाठी नियम आले, त्याच वर्षी ‘कोठारी पायोनियर’ हा पहिला खासगी फंड सुरू झाला. युनिट ट्रस्ट मात्र स्वतःच्या कायद्याखाली होती. नव्या योजना तिने सेबीच्या देखरेखीखाली नेल्या. यूएस-६४ बाहेरच राहिली. म्हणजे जिच्यात सर्वांत जास्त सामान्य माणसे होती, तिचेच पोट कोणाला दिसत नव्हते.

दोन योजना, एकच चूक

१९९८ मध्ये बाजार पडला आणि झाकण उडाले. ३० जून १९९८ रोजी यूएस-६४ ची गंगाजळी १,०९८ कोटी रुपयांनी उणे झाली होती. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीन वर्षांत किंमत एनएव्हीला जोडा, असे समितीने सांगितले. सरकारने योजनेतले सार्वजनिक उपक्रमांचे शेअर सुमारे ३,३०० कोटींना वेगळ्या योजनेत उचलून घेतले. पुढे तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरांना उधाण आले आणि त्या तेजीत जुने दुखणे काही काळ झाकले गेले. किंमत एनएव्हीला जोडायची तीच वेळ होती. तेव्हा ते केले असते तर गुंतवणूकदाराला फारशी झळ लागली नसती. ती संधी दवडली, हा या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा दोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

२००० च्या फेब्रुवारीत सहा हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स पुढच्या वर्षभरात कोसळला, केतन पारेख या दलालाचे प्रकरण बाहेर आले. २००१ च्या एप्रिल-मे या दोन महिन्यांत यूएस-६४ मधून चार हजार कोटींहून अधिक रुपये काढून घेतले गेले, आणि त्यात मोठा हात कंपन्यांचा व संस्थांचा होता. त्यांच्याकडे हिशेबनीस होते. युनिटची खरी किंमत ठरवलेल्या किमतीहून बरीच कमी आहे हे त्यांना उमगले होते. २ जुलै २००१ ला ट्रस्टने यूएस-६४ ची विक्री आणि परत खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी पद सोडले. देशभर सुमारे दोन कोटी युनिटधारक होते. अमरावतीच्या निवृत्त शिक्षकाला, अकोल्याच्या विधवा पेन्शनरला ही बातमी वर्तमानपत्रातून कळली, तेव्हा दार बंद झालेले होते.

वऱ्हाडच्या माणसाला हे सगळे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. त्याने हीच गोष्ट कापसात पाहिली होती. १९७२ मध्ये महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. हेतू तितकाच चांगला: व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचे, हंगामाआधी भाव जाहीर करायचा, तोट्याची झळ शेतकऱ्याला लागू द्यायची नाही. पण भाव मुंबईत बसून ठरे आणि बाजार आपल्या वाटेने जाई. बाहेर भाव जास्त असला की इथला कापूस रातोरात मध्य प्रदेश-आंध्रच्या हद्दीपलीकडे जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर येऊन पडे. योजनेच्या वाट्याला चांगले दिवस कमी आणि वाईट दिवस जास्त. तोटा साचत गेला, चुकारे लांबत गेले आणि अखेर २००२ च्या सुमारास एकाधिकार सैल करावा लागला. यूएस-६४ मध्ये कंपन्यांनी जे केले ते हद्दीवरच्या गाड्यांनी केले त्याहून वेगळे नव्हते. ठरवलेला भाव खऱ्या भावापासून तुटला की ज्याला फरक कळतो तो फायदा घेऊन निघून जातो आणि तूट मागे राहिलेल्यांच्या माथी येते. दोन्हीकडे मागे राहिला तो साधा, विश्वास ठेवणारा माणूस. गाडी हद्दीपार न्यायला त्याच्याकडे ना बैल होते, ना ओळखी.

ट्रस्टने ऑगस्ट २००१ पासून छोट्या युनिटधारकांसाठी मर्यादित खिडकी उघडली: तीन हजार युनिटांपर्यंत दहा रुपये, दर महिन्याला दहा पैशांनी वाढत मे २००३ पर्यंत बारा. १ जानेवारी २००२ पासून यूएस-६४ एनएव्हीवर आली. पहिली जाहीर एनएव्ही ५ रुपये ८१ पैसे. वर्षानुवर्षे घरात ठेवलेल्या दहाच्या युनिटची ती खरी किंमत होती. संयुक्त संसदीय समितीने २००२ च्या अहवालात ट्रस्टच्या गुंतवणुकीच्या निर्णयांवर कडक ताशेरे ओढले. संशोधन विभाग असणे आणि त्याचे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अहवालातून दिसते.

२००३ नंतर

२००२ मध्ये युनिट ट्रस्टचा कायदा रद्द झाला. फेब्रुवारी २००३ पासून दोन भाग झाले. यूएस-६४ आणि परताव्याची हमी दिलेल्या योजना सरकारच्या प्रशासकाकडे गेल्या. त्या यंत्रणेला ‘सुटी’ या आद्याक्षरांनी ओळखतात. एनएव्हीवर चालणाऱ्या योजना यूटीआय म्युच्युअल फंडाकडे आल्या. स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ, पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा हे त्याचे चार प्रायोजक, आणि हा फंड इतरांसारखाच पूर्णपणे सेबीच्या नियमांखाली आला.

यूएस-६४ ची युनिटे ज्यांच्याकडे उरली त्यांना पहिल्या पाच हजार युनिटांना बारा रुपये आणि त्यावरच्या युनिटांना दहा रुपये धरून पाच वर्षांचे, करमुक्त ६.७५ टक्के व्याजाचे रोखे मिळाले. १ जून २००३ ला योजना संपली. रोख्यांची मुदत ३१ मे २००८ ला भरली. सरकारने दिलेला शब्द पाळला, हे नोंदवलेच पाहिजे. हजारो कोटींचा भार तिजोरीने उचलला आणि बहुतेक छोट्या माणसांचे मुद्दल वाचले.

पण हिशेब इथेच थांबवला तर तो अपुरा राहील. २००३ च्या मध्यास सेन्सेक्स तीन हजारांच्या आसपास होता आणि २००८ च्या जानेवारीत तो एकवीस हजारांवर गेला. ज्या शेअरांपायी यूएस-६४ बुडाल्यासारखी दिसत होती, ते आयटीसी, लार्सन अँड टुब्रो आणि ट्रस्टनेच स्थापन केलेल्या यूटीआय बँकेचे, म्हणजे आजच्या ॲक्सिस बँकेचे शेअर ‘सुटी’कडे होते. २०१४ मध्ये ॲक्सिसमधला नऊ टक्के हिस्सा विकून सरकारला साडेपाच हजार कोटींच्या घरात रक्कम मिळाली. आयटीसीचे काही शेअर त्यानंतर वेगळे विकले गेले. निवड सगळीच वाईट नव्हती. वाईट होती ती किंमत सांगण्याची पद्धत. खरी किंमत रोज दिसली असती तर काहींनी वेळेत काढून घेतले असते, काहींनी सोसून ठेवले असते, आणि सोसणाऱ्याला त्याच्या सोसण्याचे फळ मिळाले असते. ज्याला बारा रुपयांचा रोखा मिळाला, त्याच्या वाट्याला पुढची तेजी आली नाही.

यूटीआयचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या टी. रो प्राइस कंपनीने व्यवस्थापन कंपनीत २६ टक्के हिस्सा घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये ही कंपनी स्वतःच शेअर बाजारात नोंदली गेली. एकेकाळी एकटी असलेली संस्था आज पुष्कळांतली एक आहे. अमरावतीत एस.टी. स्टँड रस्त्यावर तिचे कार्यालय आहे. देशातल्या सर्व म्युच्युअल फंडांकडची रक्कम २०२५ मध्ये पंचाहत्तर लाख कोटींच्या घरात गेली, आणि एसआयपीतून दरमहा पंचवीस हजार कोटींहून अधिक येतात. पहिल्या तीस शहरांपलीकडच्या भारतात अमरावती-अकोला मोडतात, आणि फंडांची नजर आता याच भागावर आहे.

नियमही सुधारले. २००९ मध्ये प्रवेशशुल्क गेले, २०१३ पासून एजंटाविना थेट गुंतवणुकीची सोय झाली, २०१५ पासून प्रत्येक योजनेवर जोखीम दाखवणारा काटा आला आणि २०२१ पासून त्याचे सहा टप्पे झाले. तरी ‘यात काही धोका नाही’ असे वाटणाऱ्या योजना अडचणीत येतच राहतात. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा कर्जरोख्यांच्या योजना एकाएकी थांबवल्या. त्या रोख्यांच्या होत्या, म्हणून अनेकांनी त्यांना मुदतठेवीसारखे मानले होते. फरक इतकाच की या वेळी एनएव्ही रोज जाहीर होत होती आणि पैसा टप्प्याटप्प्याने परत मिळाला.

एक उणीव मात्र साठ वर्षांनंतरही भरून आलेली नाही. पैसा एकत्र करून जोखीम वाटून घेण्याची ही रचना पगारदारापर्यंत पोहोचली. कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचली नाही. तो आपले सगळे एकाच पिकात, एकाच पावसावर लावतो, आणि बुडाला तर एकटा बुडतो. अमरावती विभागाने याची किंमत माणसांच्या जिवांनी मोजली आहे. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात अमरावती आणि अकोला होते. पीकविमा, वायदेबाजार, शेतकरी कंपन्या असे तुकड्या-तुकड्यांनी प्रयत्न चालू आहेत. त्याच्या चुकाऱ्याच्या महिन्यात, त्याच्या भाषेत आणि त्याला समजेल अशा हिशेबात बसणारी योजना अजून कोणा फंडाने आखलेली नाही. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या फंड-वितरकांनी तिची मागणी लावून धरली पाहिजे. तो त्यांचा अधिकार आहे आणि कामही.

वाचकांना शेवटी एक विनंती. वऱ्हाडातल्या अनेक घरांत जुन्या ट्रंकांमध्ये, आजोबांच्या कागदांत यूएस-६४ ची, युलिपची, मास्टरगेनची प्रमाणपत्रे अजून असतील. ती रद्दी समजून फेकू नका. यूएस-६४ आणि तिच्यातून निघालेल्या रोख्यांची चौकशी ‘सुटी’कडे करावी, इतर योजनांची यूटीआय म्युच्युअल फंडाकडे. कुठल्याही फंडातली विसरलेली गुंतवणूक शोधण्यासाठी सेबीने २०२५ मध्ये ‘मित्र’ ही सोय सुरू केली आहे. धारक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि आपले पॅन जवळ ठेवा, आणि हे काम कोणा मध्यस्थाला टक्केवारी न देता स्वतः करा.